पुरावा अपुरा आहे, असं म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या अ‍ॅस्पिरिन कंपन्यांना, त्यांच्या संघटनेला आणि 1982 साली त्यांच्या वतीने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांचे जिने चढलेल्या सगळ्यांना,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला तो लिहायला माझा हात उठत नाही. तुमच्यातले बरेच जण आता निवृत्त झाले असतील, काही हयातही नसतील. तरी लिहिते आहे, कारण तुम्ही तेव्हा पुढे केलेला युक्तिवाद अजून धडधाकट आहे आणि तो माझ्या देशातही राबताना मी पाहिला आहे.

आधी तुमच्या मालाबद्दल सांगते, कारण त्याच्याशी माझं भांडण नाही. अ‍ॅस्पिरिन हे मोठं औषध आहे. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेवर चावून खाल्लेली एक गोळी माणसाला वाचवू शकते. कावासाकी आजारात मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो, तेव्हा डॉक्टर लहान मुलांनाही ते विचारपूर्वक देतात. माझ्या आईच्या गोळ्यांच्या डब्यात इकोस्प्रिन 75 आहे आणि ती रोज न चुकता घेते याचं मला समाधान आहे. तुमच्या देशात हेच औषध मुलांसाठी संत्र्याच्या चवीच्या छोट्या गोळ्यांत मिळायचं. ताप आला, फ्लू झाला, अंगावर कांजिण्या उठल्या की आई ती गोळी द्यायची. डॉक्टरही तेच सांगायचे. त्या आयांचा काही दोष नव्हता. घरातल्या कपाटात जे सर्वांत भरवशाचं होतं ते त्यांनी दिलं.

आता त्या आजाराबद्दल. तुम्हाला तो पाठ असणार, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांतल्या अनेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल.

सिडनीच्या कॅम्परडाउन भागातल्या मुलांच्या रुग्णालयात डग्लस राय नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1963 साली ‘लॅन्सेट’मध्ये 21 मुलांची हकीकत छापली. 21 पैकी 17 मुलं दगावली होती. साधा सर्दी-खोकला किंवा ताप, मूल बरं होऊ लागलेलं, आणि मग अचानक थांबता न थांबणाऱ्या उलट्या. त्यानंतर बरळणं, हातपाय झाडणं, झटके, बेशुद्धी. शवविच्छेदनात मेंदू सुजलेला आणि यकृत चरबीने भरून फिकट पिवळं पडलेलं. त्याच वर्षी अमेरिकेतही, नॉर्थ कॅरोलायनात, फ्लूच्या साथीतल्या 16 मुलांच्या अशाच मृत्यूंची नोंद झाली. या आजाराला पुढे राय सिंड्रोम हे नाव पडलं.

या आजाराची सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे त्याची वेळ. मूळ आजार ओसरत असतो. ताप उतरलेला असतो, कांजिण्यांच्या खपल्या धरू लागलेल्या असतात, आई-बाबांच्या जिवात जीव आलेला असतो. अशा वेळी पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, कोलमडते. यकृताला चरबी वापरता येत नाही, ती तिथेच साठते. अमोनिया शरीराबाहेर टाकण्याचं काम थांबतं, तो रक्तात चढतो आणि मेंदूला सूज येते. लहान बाळांची रक्तातली साखरही खाली जाते. कावीळ बहुधा दिसत नाही, त्यामुळे यकृताकडे कुणाचं लक्षच जात नाही. उलट्यांवरून घरच्यांना वाटतं पोट बिघडलं. मूल भलतंच बोलू लागलं, अंगावर धावून येऊ लागलं तर डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका येते. निदान होईपर्यंत अनेकदा वेळ हातातून गेलेली असते.

कारण शोधायला पुढची सतरा वर्षं लागली. 1978 च्या अखेरीस अ‍ॅरिझोनात फ्लूची साथ होती. तिथे काम करणाऱ्या डॉ. कॅरन स्टार्को यांनी राय सिंड्रोम झालेली सात मुलं आणि तोच फ्लू होऊन नीट बरे झालेले त्यांचे 16 वर्गसोबती यांची तुलना केली. सातही मुलांनी अ‍ॅस्पिरिन कुळातलं औषध, म्हणजे सॅलिसिलेट, घेतलं होतं. सोबत्यांपैकी निम्म्यांनीच. हे 1980 साली छापून आलं. सात मुलांवरून जगाला शहाणपण शिकवता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मागोमाग ओहायोतून तेच आलं, मिशिगनमधूनही तेच आलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोव्हेंबर 1980 मध्ये हे निष्कर्ष डॉक्टरांपुढे ठेवले आणि 1982 च्या फेब्रुवारीत स्पष्ट सावध केलं. त्या जूनमध्ये सर्जन जनरलनी फ्लू आणि कांजिण्यांत मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये असा सल्ला दिला. आरोग्यखात्याचे सचिव रिचर्ड श्वाइकर यांनी जाहीर केलं की बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं होईल.

इथे तुम्ही आलात.

त्या इशाऱ्यात काय होतं ते आठवा. बंदी नव्हती. माल परत बोलावणं नव्हतं. मोठ्यांसाठीच्या विक्रीला धक्काही नव्हता. मुलाला फ्लू किंवा कांजिण्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे देऊ नका, एवढ्याच आशयाच्या दोन ओळी. त्या दोन ओळी छापल्या जाऊ नयेत म्हणून तुम्ही वकील नेमले, शास्त्रज्ञ नेमले, व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचं दार ठोठावलं. अभ्यासांत पद्धतीच्या चुका आहेत, आयांना आठवणारी उत्तरं भरवशाची नाहीत, जास्त आजारी मुलांना साहजिकच जास्त औषध दिलं जातं, आणखी संशोधन होऊ द्या, असं तुम्ही सांगत राहिलात. नोव्हेंबर 1982 मध्ये सचिवांनी माघार घेतली. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही घाई नको म्हणून पाऊल मागे घेतलं. मुलांच्या काळजीसाठी असल्याचं सांगणारी एक समिती उभी राहिली, तिच्यामागे अ‍ॅस्पिरिन उद्योगाचा पैसा होता आणि ती लोकांना सांगत होती की औषधांमुळे राय सिंड्रोम होतो असं सिद्ध झालेलं नाही.

तुमचे आक्षेप मूर्खपणाचे होते असं मी म्हणणार नाही. आठवणींवर आधारलेल्या अभ्यासात चूक शिरू शकते. एखाद्या वैज्ञानिकाने ते आक्षेप परिषदेत घेतले असते तर मी त्याचं ऐकलं असतं. पण परिषदेतला प्रश्न वेगळा आणि बाटलीवरचा वेगळा. परिषदेत विचारतात, हे निर्विवाद सिद्ध झालं का? बाटलीपाशी उभ्या असलेल्या आईचा प्रश्न असतो, आज रात्री मुलाला कोणती गोळी देऊ? तिच्या कपाटात पॅरासिटामॉल होतं. तापाला ते पुरेसं होतं. इशारा पुढे चुकीचा ठरला असता तर तिचं नुकसान काय झालं असतं? काहीच नाही. इशारा बरोबर असून तो छापलाच नसता तर? त्याचं उत्तर मुलांच्या अतिदक्षता विभागात होतं. नुकसान इतकं एकतर्फी असताना संशयाचा फायदा तुम्ही औषधाला मागितलात आणि मुलांना तो नाकारलात. मला तुमचा राग येतो तो यासाठी. तुम्ही शंका घेतलीत याचा मला राग नाही. घरात धूर भरल्यावर आधी मुलांना बाहेर काढतात, आग कशाने लागली त्याचा पंचनामा मागाहून होतो. तुम्ही पंचनामा पुरा होईपर्यंत दार बंद ठेवा म्हणालात.

आणखी अभ्यास हवा होता ना? तो झाला. सरकारने स्वतःच केला, तुमचे आक्षेप डोळ्यांपुढे ठेवून. 1985 साली छापलेल्या प्राथमिक पाहणीत राय सिंड्रोमच्या 30 मुलांपैकी 28 जणांनी सॅलिसिलेट घेतलं होतं. तसेच आजारी पडून बऱ्या झालेल्या मुलांत हे प्रमाण 46 टक्के होतं. मग मुख्य अभ्यास झाला, 1987 साली छापला गेला. 27 मुलं, त्यांतली 26 सॅलिसिलेट घेतलेली, दुसऱ्या गटात 38 टक्के. या मुख्य अभ्यासाला अपेक्षेइतकी आजारी मुलंच मिळाली नाहीत. तोवर बातम्या पसरल्या होत्या, अनेक घरांनी अ‍ॅस्पिरिन देणं थांबवलं होतं आणि आजार आटत चालला होता. ज्या पुराव्यासाठी तुम्ही थांबायला सांगत होतात, तो पुरावा मुलं वाचू लागल्यामुळे गोळा होईना. याहून मोठा पुरावा कोणता असतो?

इशाऱ्याची सक्ती 1986 मध्ये झाली. 1982 च्या जूनपासून चार वर्षं गेली. त्याच वर्षी ब्रिटननेही बारा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये असं सांगितलं आणि पुढे ती मर्यादा सोळा वर्षांपर्यंत नेली. तुमच्या देशात 1979-80 च्या हंगामात 555 मुलांची नोंद झाली होती. 1987 नंतर कोणत्याही वर्षी ती 36 च्या वर गेली नाही, 1994 पासून तर वर्षाला दोनाच्या वर नाही. डिसेंबर 1980 ते नोव्हेंबर 1997 या काळात एकूण 1207 मुलं नोंदली गेली आणि ज्यांचं पुढे काय झालं ते कळलं त्यांच्यातली 31 टक्के दगावली. यातली किती त्या चार वर्षांतली आणि किती केवळ तुमच्या उशिरामुळे, हे मला सांगता येणार नाही. तुम्ही मात्र ते कधी मोजायला घेतलंत का? तुमच्याकडे आकडेतज्ज्ञांची वाण नव्हती.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती लपवणार नाही. राय सिंड्रोम म्हणून तेव्हा नोंदलेल्या काही मुलांना प्रत्यक्षात चरबी पचवण्यातले जन्मजात दोष होते. त्या तपासण्या तेव्हा नव्हत्या. आज असं मूल आलं तर डॉक्टर आधी तेच दोष तपासतात आणि ते बरोबरच आहे. म्हणजे जुन्या आकड्यांत थोडी भेसळ आहे. पण जन्मजात दोष 1980 मध्ये जन्मून 1987 मध्ये नाहीसे होत नाहीत. नाहीशी झाली ती ताप आलेल्या मुलाच्या हातातली ती संत्र्याच्या चवीची गोळी.

आता माझ्या देशाकडे येते, म्हणजे हे पत्र मराठीत का, ते तुम्हाला कळेल. निमेसुलाइड हे तापाचं औषध आमच्याकडे वर्षानुवर्षं मुलांच्या पातळ औषधाच्या रूपात विकलं गेलं. यकृताला इजा होण्याच्या तक्रारींवरून स्पेन आणि फिनलंडने 2002 साली ते बाजारातून काढलं. आमच्याकडे तेव्हा तेच ऐकू आलं जे तुमच्याकडे वीस वर्षांपूर्वी ऐकू आलं होतं: भारतीय मुलांवरचा पुरावा कुठे आहे, आम्ही इतकी वर्षं देतो आहोत, काही झालेलं पाहिलं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद व्हायला 2011 उजाडलं. ज्या देशात औषधाचे दुष्परिणाम नोंदवण्याची सवयच नव्हती तिथे नोंद नाही म्हणजे धोका नाही असं मानलं गेलं. हा धडा तुमच्याकडूनच कुणी गिरवला असं मी म्हणत नाही. नफा जिथे आहे तिथे तो आपोआप सुचतो.

इथून पुढचं तुमच्यासाठी नाही. ज्या घरांत आत्ता तापातून उठणारं मूल आहे त्यांच्यासाठी आहे. तुम्ही तुमच्या बाटलीवर वेळेवर लिहिलं नाहीत, म्हणून मी माझ्या पत्रात लिहिते.

अ‍ॅस्पिरिन आपल्या घरांत डिस्प्रिन, इकोस्प्रिन अशा नावांनी असतं. आजोबांची रक्त पातळ ठेवणारी गोळी छोटी असते, म्हणून ती मुलांना चालेल असं समजू नये. ताप, फ्लू, कांजिण्या यांत आणि त्यांतून बरं होताना मुलाला किंवा किशोरवयीन मुलामुलीला ती स्वतःहून देऊ नये. एखाद्या मुलाला कावासाकीसारख्या आजारासाठी डॉक्टरांनीच अ‍ॅस्पिरिन सुरू केलेलं असेल तर ते मनाने बंदही करू नये. अशा मुलांना फ्लूची आणि कांजिण्यांची लस द्यायची का ते डॉक्टरांना विचारावं, आणि घरात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवावं.

पावसाळा सुरू झाला की मुंबई, पुणे, नागपूर, कुठेही तापाच्या मुलाला डेंगी असू शकतो. डेंगीत अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतात, मेफेनॅमिक अ‍ॅसिडही त्याच गटातलं आहे. मेडिकलच्या दुकानात तापाचं पटकन गुण येणारं काहीतरी द्या म्हणून मागितलं की यांतलंच एखादं हातात पडू शकतं. डेंगी नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबावं. डेंगीतही धोक्याचे दिवस ताप उतरल्यावरचे असतात, म्हणून ताप गेला की लक्ष काढून घेऊ नये.

पॅरासिटामॉल सुरक्षित आहे ते मापात दिलं तर. एका वेळेला वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसातून चारच्या वर नाही. दहा किलोच्या मुलाला म्हणजे 100 ते 150 मिलिग्रॅम. आणि नेमकी इथेच चूक होते. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 120 किंवा 250. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने पाजलं तर दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका घोटात 500 मिलिग्रॅम जातं. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तापाचं औषध वेगळं दिलं की ते दुप्पट होतं. बाटलीवरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचायचं. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यायचं, आणि त्याला त्यासाठी थांबवायला संकोचायचं नाही. स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, बाटलीसोबत आलेलं माप वापरायचं. मागच्या वेळचं उरलेलं किंवा थोरल्या भावाचं औषध धाकट्याला द्यायचं नाही.

तापातून उठलेलं मूल दोन-चार दिवसांनी एकसारखं उलट्या करू लागलं, गुंगीत गेलं, न शोभणारा चिडचिडेपणा करू लागलं, माणसं ओळखेना, तर सकाळची वाट बघू नये. रात्री दोन वाजता का होईना, ज्या रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथे न्यावं. जाताना गेल्या आठवड्यात दिलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात. आजीने दिलेला काढा, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं सांगावं. डॉक्टर रागावतील या भीतीने काही लपवू नये. आणि डॉक्टरांनो, कृपा करून रागावू नका. ती आई त्या क्षणी जे सांगेल त्यावर निदान ठरणार आहे.

अ‍ॅस्पिरिन कंपन्यांनो, एवढ्या सूचना एका बाटलीवर मावत नाहीत हे मला कळतं. तुमच्याकडे तर दोनच ओळी मागितल्या होत्या. माझ्या देशातल्या औषध कंपन्यांकडे आणि औषध नियंत्रकांकडे माझी मागणीही तेवढीच आहे: अ‍ॅस्पिरिनच्या प्रत्येक पट्टीवर, ज्या राज्यात ती विकली जाते तिथल्या भाषेत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत लिहा की तापाच्या मुलाला हे देऊ नका. महाराष्ट्रात ते मराठीत लिहा. यावर कुणी उद्या अभ्यास मागितला, तर तो 1987 सालीच पुरा झाला आहे.

पुण्याहून,
एक आई